एकटा मेस्सी काय करेल बे?

शनिवारची सकाळ, साडेसात. कस्तूरचंद पार्कजवळचा ठेला. हातात तर्री पोहे, वर कच्चा कांदा, नाकातोंडातून वाफा... आणि समोर माझा पुण्याचा ऑफिसमधला मित्र, अंगात अर्जेंटिनाची निळी-पांढरी जर्सी! गडी पहिल्यांदाच नागपूरला आला होता. ‘एकट्या मेस्सीनं २०२२ चा वर्ल्ड कप आणला,’ हे ट्रेनमध्ये सुरू झालेलं त्याचं पुराण पोह्यांपर्यंत संपलं नव्हतं.

सोबत माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा. आमच्या शाळेच्या टीमचा गोलकीपर. त्यानं शांतपणे प्लेट खाली ठेवली.

‘काऊन भाऊ, मग गोलमध्ये कोण उभा होता? तो पण मेस्सीच का?’

मुद्दा बिनतोड होता. त्या फायनलमध्ये मेस्सीनं दोन गोल मारले, खरंय. पण स्कोअर ३-३ होता आणि एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी फ्रान्सच्या कोलो मुआनीचा शॉट मार्टिनेझनं पाय लांबवून अडवला नसता तर? कप गेला होता पॅरिसला! हाच मेस्सी २०१४ ची वर्ल्ड कप फायनल हरला. मग २०१५ आणि २०१६ मध्ये कोपा अमेरिकाच्या फायनलही. वैतागून त्यानं देशाच्या टीमला रामरामही ठोकला होता. मेस्सी तोच. बदलले ते आजूबाजूचे दहा जण.

‘आणि मॅराडोना?’ मित्र सहजासहजी हरणारा नव्हता.

‘१९८६ च्या फायनलमधला विनिंग गोल कोणी मारला?’

मित्र गप्प. पास मॅराडोनाचा होता, गोल मात्र बुरुचागाचा. पास घ्यायला कुणीतरी धावत असावं लागतं, बॉस!

बादलीपासून वर्ल्ड कपपर्यंत

पोहे संपले, वाद नाही. दादानं बाईक काढली आणि आम्हाला सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेजच्या गेटसमोर आणून उभं केलं. विजय बारसे इथलेच स्पोर्ट्स टीचर. २००१ मध्ये भर पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) अमिताभनं रंगवलेले सर ते हेच. २०१६ मध्ये या नागपूरच्या संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्डही मिळाला.

भारताची टीम होमलेस वर्ल्ड कपला पाठवण्याचं कामही याच संस्थेनं केलं. २००३ मध्ये ऑस्ट्रियात सुरू झालेल्या या स्पर्धेचे नियम भन्नाट आहेत. मैदानात एका बाजूचे चारच खेळाडू. सात-सात मिनिटांचे दोन हाफ. आणि सगळ्यात भारी नियम? एका खेळाडूला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते!

म्हणजे एखादा स्टार घडला, तरी पुढच्या वर्षी तो नाही. पुन्हा वस्तीत जा, नवे पोट्टे शोधा, त्यांना घडवा. इथं एकाच्या खांद्यावर टीम टाकायची सोयच नाही. पिक्चरचं नाव ‘हीरो’ नसून ‘झुंड’ का, ते मला त्या गेटवर कळलं.

‘पण आपला छेत्री?’ मित्राचा शेवटचा बाण. दादा हसला. जून २०१८, मुंबईत अंधेरीचं स्टेडियम. छेत्रीनं हॅटट्रिक मारली, बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. त्यानं व्हिडिओ टाकून हात जोडले, ‘या हो, आम्हाला शिव्या द्या पण या,’ अशा थाटात. पुढच्या मॅचला स्टेडियम फुल्ल! फायनलमध्ये केनियाविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच. एकट्यानं कप आणला म्हणा ना! पण २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये एशियन कप झाला. छेत्री तिथंही होता. तीन मॅच, तीन पराभव, भारताचे गोल शून्य.

माझा न दिलेला पास

संध्याकाळी कामठी. नागपूरपासून सोळा-सतरा किलोमीटर. १८२१ मध्ये ब्रिटिशांनी वसवलेली छावणी, शेजारी कन्हान नदी आणि रब्बानी क्लबमुळे फुटबॉलच्या नकाशावर असलेलं गाव. एका मैदानाच्या कडेला आम्ही चहा घेत बसलो. धुळीत पोरं खेळत होती.

एक बारका पोट्टा तिघांना चकवून सुसाट निघाला. उजवीकडे त्याचा दोस्त एकदम मोकळा.

‘पास दे बे!’ दादा ओरडला.

माझ्या पोटात गोळा आला. शाळेच्या शेवटच्या मॅचमध्ये नेमका असाच बॉल माझ्याकडे होता. मी पास दिला नाही, स्वतःच मारला, बाहेर गेला. आम्ही ०-१ नं हरलो. तो एक गोल खाल्ला म्हणून सगळ्यांनी शिव्या घातल्या त्या दादाला. मी कधी काही बोललो नाही. तोही नाही.

त्या पोरानं पास दिला. दोस्तानं बॉल आभाळात मारला. दादानं तरी टाळ्या वाजवल्या.

‘दादा, ती मॅच माझ्यामुळे गेली होती,’ मी म्हटलं.

‘माहीत आहे ना बे. चहा पी, थंडा होऊन राहिला.’

आता कबुली. त्या वीकएंडला माझ्या लॅपटॉपमध्ये अप्रेझलचा फॉर्म अर्धवट भरून पडला होता. पहिलंच वाक्य होतं, ‘हा प्रोजेक्ट मी एकहाती पूर्ण केला.’ परतीच्या ट्रेनमध्ये ते खोडलं आणि चार नावं लिहिली. रात्री दोन-दोन वाजता माझे बग्ज पकडणाऱ्या टेस्टरचं नाव सगळ्यात वर. जर्सीवाला मित्र खांद्यावरून डोकावला, ‘इन्क्रिमेंट कमी मिळालं तर?’

मिळूदे! एक ग्रेट प्लेअर मॅच काढून देतो, कधीकधी कपसुद्धा. पण त्याच्या मागे गोलकीपर उभा असतोच.

तुम्ही नागपूरला जाल तेव्हा संत्री आणि सावजी आहेच. एक संध्याकाळ मात्र कामठीच्या मैदानासाठी ठेवा. चहा दादाकडून!