कुलपांतलें घर

मुंबईंत घर घेणें सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलें आहे, हा आमच्या अंधेरीच्या घरांत चहाच्या वेळचा नित्याचा विषय. पुतण्यानें जाहिरातींतले भाव वाचून दाखवावे, दादांनीं सिमेंट, लोखंड व वाळू यांच्या किमतींना दोष द्यावा आणि आम्हीं उसासा टाकावा, असा क्रम वर्षानुवर्षें चालला होता. २०२५ च्या सप्टेंबरांत सिमेंटवरील कर शेंकडा २८ वरून १८ वर आला, तेव्हां दोन दिवस आशा वाटली. परंतु उपनगरांत घराच्या किमतींतला मोठा वांटा जमिनीचाच, हें ध्यानांत येतांच ती मावळली. या साऱ्या चर्चेंत एका गोष्टीचा उच्चार मात्र कोणी करीत नसे. ती म्हणजे मुलुंडचें आमचें दोन खोल्यांचें बंद घर.

तें बंद कां, याला इतिहास आहे. वडिलांनीं तें १९६६ सालीं सहकारी गृहसंस्थेंत घेतलें. पुढें त्यांची बदली नागपुरास झाली, आणि घर एका गृहस्थांस 'लीव्ह अँड लायसन्स'च्या करारानें दिलें. असा करार केला म्हणजे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यांतून आपण सुटलों, अशी त्या काळीं पुष्कळ घरमालकांची समजूत होती. सरकारनें १९७३ सालीं कायदा दुरुस्त केला, आणि त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीस ज्याचा करार चालू होता व जो घरांत राहत होता, तो भाडेकरू ठरला. त्या दुरुस्तीनें कित्येक कुटुंबांचें छप्पर वांचलें, हें खरें. पण वडिलांस तें ऐकवण्याची आमची छाती नव्हती. घराचा ताबा मिळाला तो १९९६ सालीं. तोंवर वडील निवर्तले होते. दादांनीं त्याच दिवशीं कुलूप घातलें आणि किल्ली देवघराच्या खणांत ठेवली.

अशीं कुलपें आमचींच नव्हेत. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणींत २०११ च्या खानेसुमारीचा आंकडा दिला आहे. देशाच्या नागरी भागांत १ कोटि ११ लक्ष घरें रिकामीं होतीं, पैकीं एकट्या मुंबईंत सुमारें ४ लक्ष ८० हजार.

गेल्या पावसाळ्यांत वहिनींस शस्त्रक्रियेसाठीं मुलुंडच्या एका रुग्णालयांत राहावें लागलें. त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका रोज बदलापुराहून येई. घरीं चार वर्षांचें मूल. वहिनी घरीं परतल्या त्याच संध्याकाळीं म्हणाल्या, "अहो, ती मुलगी बदलापुराहून येते आणि आपलें घर तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांत राहतें कोण, तर वाळवी!"

"परक्याचें पाऊल एकदां आंत पडलें कीं बाहेर निघत नाहीं," दादा म्हणाले.

पुतण्यानें त्यांस नवा कायदा समजावून सांगितला. तो १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. करार लेखी करून नोंदवावयाचा. मुदत संपूनहि घर न सोडणाऱ्यास दुप्पट रक्कम भरावी लागते, आणि मालकास थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातां येतें. "आणि कायदा पुन्हां बदलला तर?" दादांनीं विचारलें. या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. वहिनींनीं उठून खणांतली किल्ली काढली.

घर उघडलें तेव्हां छताचा गिलावा सुटलेला, नळ गंजलेले, विजेच्या तारा कुजलेल्या. डागडुजीचा अंदाज ३ लक्ष ६० हजारांचा निघाला. तो ऐकून दादांची नजर पुन्हां कुलपाकडे वळली. परंतु नव्या घरांत ज्यास सर्वांत अधिक पैसा लागतो, ती जमीन आणि तो सांगाडा, यांचें मोल वडील १९६६ सालींच देऊन बसले होते. दोन वर्षांत हा खर्च निघावा, एवढेंच भाडें आम्हीं ठरविलें. शेजाऱ्यांनीं आम्हांस वेड्यांत काढलें.

करार नोंदवणारा मनुष्य यंत्र घेऊन घरींच आला. दादांचा अंगठा यंत्रानें दोनदां नाकारला, तिसऱ्या खेपेस घेतला. दादा थोडा वेळ गप्प बसले. मग त्या मुलीकडे वळून त्यांनीं विचारलें, "मुलासाठीं शाळा कोणती पाहिलीत?"