पार्क स्ट्रीटवरील दोन क्रियापदें

कोलकात्यास जाणारा आपल्याकडील प्रवासी कालीघाट व दक्षिणेश्वर पाहून परततो. पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमि पाहण्यास सहसा कोणी जात नाहीं. 1767 सालीं उघडलेल्या या जागेंत इंग्रजांचीं थडगीं म्हणजे लहानमोठीं देवळेंच वाटतात. कांहीं घुमटाचीं, कांहीं सुळक्यासारखीं. सर्वांवर शेवाळ आणि वर दाट झाडांची सांवली.

कित्येक शिळांवर एकच क्रियापद भेटतें: 'लाय', म्हणजे पडून असणें. आमच्या विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें घाम फोडणारें तें हेंच. कारण त्याचें भूतकाळचें रूप 'ले', आणि निजविणें किंवा ठेवणें या अर्थाचें निराळें क्रियापदही 'ले'च. 'लाय, ले, लेन' आणि 'ले, लेड, लेड' असें पुस्तकें घोकून घेतात. उलगडा मात्र करीत नाहींत.

संस्कृत शिकलेल्यास तो घरचाच आहे. शेते आणि शाययति, पडणें आणि पाडणें, यांत जो भेद तोच येथें. 'ले' हें 'लाय'चें मूळचें प्रयोजक होय. 'सिट' व 'सेट', 'राइज' व 'रेज', 'फॉल' व झाड पाडण्याचा 'फेल', या जोड्याही तशाच. त्यांतही 'सिट' आणि आपला सद् धातु हे एकाच मुळाचे. 'सेट' तें सादयति. ज्यांचीं नातवंडें इंग्रजी शिकतात त्यांनीं एवढेंच करावें: क्रियापदास 'काय?' किंवा 'कोणास?' असें विचारावें. कोंबडी अंडें घालते, तेथें उत्तर मिळतें, म्हणून 'ले'. दमलेला माणूस खाटेवर पडतो, तेथें मिळत नाहीं, म्हणून 'लाय'. खोटें बोलणें हें तिसरें 'लाय'. त्याचा भूतकाळ 'लाइड'. थडग्यांवरील स्तुति वाचतांना त्याचीही आठवण होते, पण तें असो.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन आदि भाषांच्या या आप्तपणाकडे 1786 सालीं एशियाटिक सोसायटीपुढील भाषणांत विद्वानांचें लक्ष वेधणारे सर विल्यम जोन्स येथेंच एका उंच स्तंभाखालीं आहेत. शाकुंतलाचें त्यांचें इंग्रजी भाषांतर 1789 सालचें. 1794 सालीं ते वारले, तेव्हां अवघे 47 वर्षांचे होते.

याच आवारांत 1800 सालीं वारलेली वीस वर्षांची रोझ एल्मर आहे, आणि तान्हीं मुलेंही आहेत. मूल येथें पडून आहे, एवढेंच शिळेवरचें 'लाय' सांगतें. त्यास येथें कोणीं निजविलें हें सांगावयास 'लेड' लागतें, आणि तीं निजविणारीं माणसें बहुधा पुढें जहाजानें आपल्या देशीं निघून गेलीं.