गोळीचं वजन की नाक?

आज पिकाचं नाही, गोळीचं बोलतो.

आमच्या घरी शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. आजोबांनी एका रात्री रानडुकराला गोल गोळी मारली. लागली, पण डुक्कर पळालं. तिसऱ्या दिवशी वासावरून ओढ्यात सापडलं. आजोबांनी परत बंदूक उचलली नाही.

अमेरिकेत आयडाहोचा एल्मर कीथ, तोही गुरं राखणारा माणूस. त्यानं पॉइंट 44 रिव्हॉल्व्हरसाठी शिशाची ओतीव गोळी बेतली. वजन सुमारे 250 ग्रेन, म्हणजे 16 ग्रॅम, आणि नाक चपटं. गोल नाक मांस बाजूला सारून निसटतं. चपटं नाक रुंद वाट पाडतं, जनावर लवकर पडतं.

काहीजण 300 ग्रेनची घेतात. ती खोल जाते खरी, पण धक्का वाढतो, नेम चुकतो. शिसं फार कडक केलं तर हाडावर फुटतं. म्हणून नाक चपटं हवं, वजन हाताला पेलेल एवढंच.

आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं परवानगीशिवाय शिकार बंद. मी कुंपण घालून राखण करतो. पण आजोबा का गप्प झाले ते आता कळतं. मारण्यापेक्षा जखमी करून सोडणं वाईट.