छताची भुई

बंगळुरात राहून घरात लाकडी जमीन घालणे हे केंद्र सरकारच्या कारकुनाला शोभणारे काम नव्हे, असे आमच्या कचेरीत बहुतेकांचे मत पडले. या शहरातील जुन्या घरांत आरशासारखी चकाकणारी लाल ऑक्साइडची जमीन, नव्या घरांत ग्रॅनाइट किंवा टाइल्स. लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण! माझे उत्तर एवढेच होते की, लाकूड मी विकत आणलेले नव्हते.

बेळगावचे आमचे घर दोन वर्षांपूर्वी पाडले. वाटणीत कडीपाटाच्या सागवानी फळ्या माझ्याकडे आल्या. कडीपाट ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यांवर मातीचा थर आणि वर शेणाचे सारवण. खालच्या खोलीचे जे छत, तीच माडीची जमीन. आईचा चाळीस वर्षांचा संसार या फळ्यांखाली झाला. देवघरावरच्या फळ्या समईच्या काजळीने काळवंडल्या होत्या. त्या कोणत्या, हे तिने ट्रकमधून उतरवतानाच ओळखले. "डोक्यावरचं पायाखाली घालणार का रे?" एवढेच ती म्हणाली. मला उत्तर सुचेना.

इकडे सुताराला 'आचारी' म्हणतात. मराठी माणसाला प्रथम पंगतच आठवते. आमच्या आचाऱ्यांनी तीन आठवडे फळ्यांना हत्यार लावले नाही. ज्या खोलीत त्या बसवायच्या तिथेच, मध्ये बारीक चिपा ठेवून, त्यांनी त्या एकावर एक रचल्या. बेळगावचा पाऊस मोठा. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच, आणि येथील मार्च चांगलाच कोरडा. तोडलेले लाकूडही हवेतील ओल घेते व सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. फुगते आणि आटते ते रुंदीत, आणि तेही गाभ्याकडून सालीकडे जितके, त्याच्या सुमारे दुप्पट वार्षिक वलयांच्या दिशेने. म्हणून नऊ इंची फळ्या उभ्या चिरून अरुंद कराव्या लागल्या. करवतीचा आवाज चालू असेपर्यंत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

वाळवीबद्दल आचाऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी किल्ल्याजवळच्या टिपूच्या राजवाड्याचे नाव घेतले. १७९१ मध्ये पूर्ण झालेली ती सागवानी इमारत आजही उभी आहे, तिचे खांब मात्र दगडी तळखड्यांवर आहेत. सागाच्या पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट, कच्च्या भागाला ती सोडत नाही. तो भाग त्यांनी निर्दयपणे काढून टाकला. आपल्या देशात इतर लाकडांचे गुण मोजताना सागाला १०० धरतात, हे त्यांना ठाऊक असावे असे वाटत नाही. पण फळीवर बोट वाजवून ते जो निकाल देत त्यात शंकेला जागा नसे.

प्रत्येक जुना खिळा उपटावा लागला, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच. मग एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. जिभेतून तिरपा खिळा मारला की पुढच्या फळीखाली तो दिसेनासा होतो. चारही भिंतींशी अर्धा इंच जागा मोकळी सोडली. ती न सोडली तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या भिंतीला रेटून मधोमध उचलल्या जातात. वरून अळशीचे तेल दिले. तेलाची फडकी मात्र बोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप पेटतात.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आचाऱ्यांनीच दिले, तेही नकळत. रंधा एकाच बाजूला मारायचा, दुसरी आडवी पट्ट्यांवर बसणार. कोणती वर घेऊ, एवढेच त्यांनी विचारले. मातीखाली गेलेली बाजू वर घ्या, असे आई माझ्याआधी बोलली. काजळीची बाजू तशीच, न तासलेली, खाली गेली. ती बसवताना आई दारात उभी होती.

पाण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जी जमीन धुता येत नाही ती स्वच्छ कशी, हा तिचा मुद्दा मला खोडता येत नाही. ती घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसते आणि पुटपुटते. मार्चमध्ये फळ्यांमधल्या फटी उघडल्या तेव्हा सुई पडेल म्हणून शिवण घेऊन ती बाहेर बसू लागली होती. आता सप्टेंबरचा पाऊस चालू आहे, फटी मिटल्या आहेत, आणि परवापासून ती पुन्हा आत बसते.