गाठीवरचा शिक्का

१२ नोव्हेंबर, अकोट

जिनिंगवर काट्याच्या पावत्यांचे एसएमएस सकाळपासून बंद. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर, आणि मेसेज पुढे पोचवणारं रॅबिटएमक्यू सुरूच होईना. जुनी डिस्क भरत आली म्हणून काल रात्री मीच त्याचा डेटा नव्या डिस्कवर नेला होता. फायलींची मालकी बरोबर, परवानग्या बरोबर, तरी नकार. म्हणजे एसईलिनक्स, लिनक्सचा सुरक्षा-पहारा.

काट्यावरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, बंदच करून टाका नं ते. कायले डोकं लावता?"

सेटएन्फोर्स शून्य, दोन सेकंदांचं काम. हात गेलाही होता. पण त्याच मशिनवर शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आहेत. दिवसभर कागदी पावत्या फाडल्या.

१३ नोव्हेंबर

सगळं मशिन उघडं टाकण्याऐवजी एकट्या रॅबिटएमक्यूचं डोमेन परमिसिव्ह केलं. आता त्याला कोणी अडवत नाही, फक्त नोंद होते. अडवलं की प्रोसेस पहिल्याच नकाराला मरते, पुढचे नकार कळतच नाहीत.

ऑडिट लॉग उघडला. प्रोसेस बीम.एसएमपी, तिचं लेबल रॅबिटएमक्यू_टी. फोल्डरचं लेबल यूजर_होम_टी. घरचं! मग आठवलं. डेटा आधी माझ्या होम फोल्डरात कॉपी केला, तिथून एमव्हीने हलवला. सीपी नव्या जागेचं लेबल घेतं; एमव्ही जुनंच सोबत नेतं. रुईची गाठ दुसऱ्याच्या गोदामात गेली तरी तिच्यावरचा शिक्का मूळ जिनिंगचाच राहतो, तसं.

ऑडिट२अलाऊने तयार नियम हातात ठेवला: रॅबिटएमक्यूला यूजर_होम_टीमध्ये लिहू द्या. म्हणजे एका खोलीसाठी गल्लीतल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या. तो नियम टाकला नाही.

(एसईलिनक्स २००० साली अमेरिकेच्या एनएसएने खुलं केलं. हेरखात्याचं कुलूप म्हणून एका मित्राला अजून संशय येतो. कोड सगळ्यांसमोर आहे, २००३ पासून मूळ कर्नलमध्ये आहे, तरी.)

१४ नोव्हेंबर

सीएचकॉनने लेबल बदललं असतं तर पुढच्या रीलेबलला पुसलं गेलं असतं. म्हणून सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नव्या फोल्डरचं लेबल पॉलिसीतच नोंदवलं, रॅबिटएमक्यू_व्हार_लिब_टी, आणि रिस्टोअरकॉन चालवलं. फायलींची नावं भराभर सरकली. परमिसिव्ह काढलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, लॉग पाहत बसलो. एकही नकार नाही.

पोराच्या फोनवर चाचणीचा मेसेज वाजला: निव्वळ वजन १४ क्विंटल ६० किलो.

"आला नं! म्या तं म्हटलंच होतं, बंद करून टाका म्हणून."