परिक्रमेची रेषा

प्रवासवर्णनाबरोबर नकाशा जोडण्याची चाल जुनीच आहे. परंतु तो नकाशा पुस्तकाच्या पानावर स्वस्थ पडून असे. आतां घरोघर मोबाइलवर व्हिडिओ घेतले जातात, आणि त्यांच्या आरंभीं एक तांबडी रेषा आपल्या डोळ्यांदेखत गांवामागून गांव गांठीत सरकत जाते. युक्ति मात्र अगदींच नवी नव्हे. १९४२ सालच्या 'कॅसाब्लांका' या बोलपटाच्या प्रारंभीं पॅरिसहून पळणाऱ्या निर्वासितांचा मार्ग अशाच चालत्या रेषेनें दाखविला आहे. त्या काळीं तें काम स्टुडिओंतल्या कसबी कारागिरांचें होतें. आज तें घरांतला मुलगा रात्रीं जेवणें आटोपल्यावर करतो.

माझ्या धाकट्या बहिणीनें गेल्या वर्षीं नर्मदेची परिक्रमा पायीं पुरी केली. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तीर मिळून त्याच्या दुप्पट, आणि वाटेचीं वळणें निराळींच. सोबत्यांनीं घेतलेलीं चित्रें जुळवून तिच्या मुलानें तासाभराचा व्हिडिओ तयार केला. परदेशीं असलेल्या नातवंडांना आजी कोठून कोठें चालत गेली हें समजावें, हा हेतु. संगणकाला त्यानें ओंकारेश्वर, भरूच, अमरकंटक अशीं दहाबारा नांवें सांगितलीं आणि त्या यंत्रानें क्षणार्धांत रेषा काढून दिली. बहीण चष्मा लावून समोर बसली होती. रेषा वीतभर पुढें गेली असेल नसेल, तोंच ती म्हणाली, "अरे, थांब जरा. मी मैया ओलांडली कुठें?"

प्रश्न साधा, पण तिचें सारें व्रत त्यांत होतें. नर्मदा सदैव उजव्या हातीं ठेवून चालावयाचें आणि तिचें पात्र मध्यें कोठेंही ओलांडावयाचें नाहीं, हा परिक्रमेचा मुख्य नियम. उपनद्या ओलांडल्या तर चालतें. ओंकारेश्वराहून निघणारा दक्षिण तीरानें पश्चिमेस जातो, विमलेश्वराहून नावेंत बसून नदीच्या मुखाबाहेरून उत्तर तीरावरील मिठी तलाईस उतरतो, आणि पुढें अमरकंटकास उगमाला वळसा घालून पुन्हां दक्षिण तीर धरतो. ओंकारेश्वराचें देवालय पात्रांतील मांधाता बेटावर आहे. सबब परिक्रमा चालू असतां तेथेंही जावयाचें नाहीं, दर्शन शेवटीं. हें त्या यंत्राला कोणी सांगावें? दोन गांवांमधला मोटारीचा जवळचा रस्ता त्यानें धरला आणि पूल दिसला कीं पैलतीर गांठला. मीं मोजून पाहिलें. रेषा सहा वेळां नदीपार गेली होती, आणि प्रारंभाची खूण तर नेमकी बेटावर!

भाचा म्हणाला, "मामा, एवढें बारकाईनें कोण पाहतो?" परंतु ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, तीं मुलें रेषाच पाहणार. आजी पुलावरून पलीकडे गेली, असेंच तीं धरून चालणार, आणि पुढें तेंच खरें ठरणार. 'मेघदूता'ची मला या वेळीं आठवण झाली. उत्तरेकडे निघालेल्या मेघाला उज्जयिनीची वाट वांकडी पडते हें कवि स्वतःच कबूल करतो, आणि तरीही त्याला तिकडून जावयास सांगतो. या यंत्राला मार्ग विचारला असता, तर उज्जयिनी खास वगळली गेली असती. रेवा मात्र मेघानेंही ओलांडली. पण त्याला परिक्रमेचा नियम नव्हता.

मोबाइल सुरू ठेवला असतां उपग्रहांच्या साह्यानें तो क्षणोक्षणीं अक्षांश, रेखांश आणि वेळ टिपून ठेवतो, व ती नोंद नकाशावर जशीच्या तशी उतरवितां येते. बहिणीनें विजेच्या टंचाईमुळें तो बहुधा बंदच ठेवला होता. तिच्यापाशीं होती एक वही. रोजच्या मुक्कामाचें गांव आणि यजमानाचें नांव तींत लिहिलेलें. मोटारीच्या रस्त्याची सोय बंद करून आम्हीं त्या वहीवरून एकेक ठिपका हातानें बसविला, आणि नदी जेथें वळते तेथें ठिपके अधिक घातले. शूलपाणीच्या झाडींत मोठी पंचाईत झाली. आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या कडेनें जाणारा हा भाग. सरदार सरोवराचें पाणी २०१९ सालीं प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोंचलें. जुन्या पुस्तकांतील वाट नकाशावर ठेवून पाहिली, तर ती जागोजाग पाण्यांत उतरली! बहीण वरच्या डोंगरांतून गेली होती. तीच वाट आम्हीं घेतली.

मग गतीचा प्रश्न आला. यंत्राची रेषा सर्वत्र सारख्या वेगानें धांवते. चढ असो, ताप असो. मीं सुचविलें कीं, रेषेनें मैल न मोजतां दिवस मोजावे. एका सेकंदाच्या २५ चौकटी. दर दिवसास ४ दिल्या, तेव्हां १५० दिवसांचा प्रवास २४ सेकंदांत बसला. उत्तर तीरावर एका खेड्यांत ती तापानें ११ दिवस पडून होती, आणि ज्या घरीं ती पूर्वीं कधींही गेली नव्हती त्या घरानें तिची शुश्रूषा केली. तेथें रेषा ४४ चौकटी, म्हणजे पावणेदोन सेकंद, थांबते. तें पाहून बहीण म्हणाली, "एवढ्यांत बरी झालें होय मी, दादा?" भाच्यानें निमूटपणें त्या घरच्या म्हातारीचें चित्र तेथें घातलें आणि थांबा दहा सेकंदांचा केला. हिशेब बिघडला, बिघडूं दिला.

चित्राच्या कोपऱ्यांत उष्णमान, उंची, अंतर यांच्या चौकोनी पाट्या होत्या, त्या काढविल्या. त्यांखालीं नेमकें पाणी झांकलें जात होतें. गांवाचें नांव तेवढें ठेविलें, तेंही जोडाक्षरें नीट उमटतात कीं नाहीं हें पाहून.

प्रारंभाची खूण आतां बेटावरून दक्षिण तीरावरील घाटावर आली आहे. मुखाजवळील नावेची वाट तुटक रेषेनें दाखविली आहे. तिच्याबरोबर चित्र नाहीं. लाटा एवढ्या होत्या कीं, सर्वांचे दोन्ही हात नावेच्या कडेला धरण्यांत गुंतले होते.