तांबड्या चंद्राचा वसंत

वसंत म्हटला की आपल्याकडे कोकिळा, आम्रमोहोर आणि पळसाची लाली ठरलेली. फ्रान्सच्या वसंताचाही असाच एक साचा आहे. फुललेली फळझाडे, हिरवी कुरणे, आणि एक मे रोजी आप्तेष्टांना द्यायची ‘म्युगे’ची इवली पांढरी फुले. हे सारे खरेच आहे. पण ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात झाँ फ्रान्स्वा मिले यांचे ‘वसंत’ हे चित्र पाहिले आणि माझी नजर फुलांवर ठरेना. १८६८ ते १८७३ या काळातले हे चित्र. खाली झाडे बहरली आहेत, पण वर आभाळ काळेशार आहे. त्यात इंद्रधनुष्य, आणि दूर एका झाडाच्या आडोशाला उभा असलेला एवढासा माणूस. मिले हे नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचे पुत्र. शेतकऱ्याचा मुलगा वसंत काढायला बसला, तर त्याला आभाळ विसरता येणार नाही!

तिकडच्या द्राक्षबागा हिवाळाभर नुसत्या काड्या होऊन उभ्या असतात. मार्चमध्ये जमीन उबदार झाली की छाटलेल्या काडीच्या टोकातून पाणी ठिबकू लागते. याला ते लोक वेलीचे रडणे म्हणतात. मग डोळे फुगतात, कोंब फुटतात, आणि इथूनच घोर सुरू होतो. मिटलेला डोळा कडाक्याची थंडी सोसतो. फुटलेला कोवळा कोंब मात्र शून्याखाली दोन-तीन अंशांतच काळा पडतो. ईस्टरनंतरच्या चांद्रमासाला तिथे ‘तांबडा चंद्र’ म्हणतात. चंद्रप्रकाशाने कोंब करपतात असा जुना समज होता. एकोणिसाव्या शतकात आरागो या शास्त्रज्ञाने चंद्राला निर्दोष सोडले. आभाळ निरभ्र असले की चंद्र दिसतो, आणि त्याच निरभ्र आभाळातून जमिनीची ऊब निघून जाते, एवढेच.

२०२१ साली मार्चअखेरीस उन्हाळ्यासारखी ऊब पडली, कोंब लवकर बाहेर आले आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात हिमकडा कोसळला. शाब्लीच्या बागांतून रात्रभर ओळीने मेणाचे डबे पेटले होते. छायाचित्रात ती दिवाळीच वाटते. काही बागांत तर वेलींवर पाण्याचे फवारे सोडतात. पाणी गोठताना उष्णता सोडते, आणि बर्फाच्या कवचात कोंब शून्याच्या आसपास टिकून राहतो. बर्फाने थंडी अडवायची ही युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली असेल?

हे वाचताना मला आमचे निफाड आठवले. पारा उतरला की आमच्याकडेही बागेत शेकोट्या पेटतात. आमच्याकडे तेव्हा मणी भरत असतात, तिकडे कोंब फुटत असतात, एवढाच काय तो फरक. वडील मध्यरात्री बॅटरी घेऊन बागेकडे निघाले की घरात कोणी झोपत नाही. आजी अंथरुणात बसून राहते. शाब्लीतही त्या रात्री अशी कोणी म्हातारी बसली असणार. कोंब लवकर फुटावेत इतकी ऊब आता वारंवार पडू लागली आहे, मात्र हिमाच्या रात्री अजून हटलेल्या नाहीत. म्हणजे त्या म्हातारीची जागरणे काही संपत नाहीत.

मे महिन्याच्या ११, १२ आणि १३ या तारखा मामेर, पांक्रास आणि सेर्व्हे या संतांच्या. लोक त्यांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात. खेड्यातल्या जुन्या बायका हे तिघे गेल्याशिवाय टोमॅटोची रोपे उघड्यावर लावत नाहीत. चौदा तारखेला मात्र सकाळीच वाफे खणायला घेतात.